दोन गल्ल्यांचं एक घुबड

मामा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं, तेव्हा मला दोनच वाक्यं आली. पहिलं, की मी त्यांच्या घरी सहा वर्षं भाड्यानं राहिले. दुसरं, की त्यांनी मला कधी परकं मानलं नाही. दुसरं वाक्य खरं नव्हतं. ते मला चांगलंच परकं मानत आणि त्याचा त्यांना फार उपयोग होता. गल्लीतल्या माणसावर प्रयोग केला की भांडण होतं, परक्यावर केला की तो आभार मानतो, असं त्यांचं मत होतं. पण हे माइकवर कसं सांगणार? समोर मामी पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. मी खाली बसले. म्हणून आता लिहिते आहे, सावकाश, जमेल तसं. लिहिताना मधूनच हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

बदनापूरला एका कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा बाकीचा स्टाफ जालन्याहून नाही तर संभाजीनगरहून रेल्वेनं ये-जा करायचा. मला ती रोजची धावपळ नको होती. कुणीतरी मामांच्या घराची वरची खोली दाखवली. खोली पाहायला गेले तर मामांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, तुम्ही झोपता तेव्हा डोकं कोणत्या दिशेला करता? मी म्हटलं, पूर्वेला. ते म्हणाले, ‘‘बराबर. खाली मी पश्चिमेला करतो. महिनाभरानं पाहू, कोणाचं डोकं जास्त दुखतं.’’

मामा हे त्यांचं नाव नव्हे. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आणि आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला, परिचराला सगळे मामाच म्हणतात. मूळचे टेंभुर्णीकडचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे पेटवले, सांगाड्यावरची धूळ झटकली. प्रयोगाची मांडणी मामा करत, प्रयोग सर करत, फळ्यावर निष्कर्ष सर लिहीत आणि तास संपला की फळा मामा पुसत. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ काढला, तर मामा म्हणाले, शाल घरात हाये, मला तो प्रयोगशाळेतला जुना फळा द्या. त्याचा एक कोपरा उडालेला होता. त्यांनी तो हातगाडीवर टाकून घरी आणला, फाटकाशेजारच्या भिंतीला ठोकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लिहायला सुरुवात केली.

फळ्यावर हवामान असे, जनावरं असत, यंत्रं असत आणि जगाच्या घडामोडी असत. बोलताना मामांची भाषा टेंभुर्णीची, पण फळ्यावर मात्र शुद्ध, शाळेतली. ‘काल रात्री कुत्री भुंकली नाहीत. कारण शोधणे चालू आहे.’ ‘मोसंबीच्या बागेत गारा पडल्या की बातमी होते. पडल्या नाहीत तर होत नाही. काल पडल्या नाहीत.’ ‘म्हैस पाण्यात विचार करायला बसत नाही. तिला उकडते.’ ‘दूरच्या दोन देशांत युद्ध चालू आहे. आपल्या गल्लीत नळावर काल तह झाला.’ दुधाला निघालेली माणसं थांबून वाचायची, आणि शाळेला निघालेली मुलं चूक सापडते का पाहायची.

चंद्रावर यान उतरलं त्या संध्याकाळी सगळी गल्ली समोरच्या शेठजींच्या दुकानात टीव्हीपुढे बसली होती. यान उतरलं, टाळ्या झाल्या, पेढे आले. मामा तेवढ्यात उठून रस्त्यावर गेले आणि मान वर करून उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, टीव्हीवाल्यानं तिकडचं दाखवलं, इकडून काही फरक पडला का ते कुणीतरी पाहायला नको? दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: ‘यान उतरले तरी चंद्र हलला नाही. दोघांचेही अभिनंदन.’

त्यांचा एकच सिद्धान्त होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. ‘‘एकट्या गोष्टीवरून काई कळत न्हाई, मॅडम. तिच्या शेजारी दुसरी ठेवा, मंग ती बोलती.’’

म्हणून त्यांच्या डाव्या पायात जालन्याच्या दुकानातली चप्पल होती आणि उजव्या पायात संभाजीनगरच्या. आधी कोणती झिजते ते पाहायचं होतं. वर्षभरात उजवी झिजली. दुकानदाराला कळवण्याआधी त्यांनी नवे दोन जोड घेतले आणि पाय बदलले. परत उजवीच झिजली. फळ्यावर निष्कर्ष आला की दोष दुकानांचा नसून उजव्या पायाचा आहे. मधल्या काळात ते दोन लग्नांना आणि एका साखरपुड्याला दोन वेगळ्या चपला घालून गेले. मामी त्यांच्यापासून चार पावलं मागे चालायच्या.

एकदा त्यांनी दह्याची दोन भांडी लावली. एक स्वयंपाकघरात, दुसरं टीव्हीखाली. टीव्हीवर रात्रीच्या चर्चेत आठ माणसं एकाच वेळी ओरडत होती. सकाळी टीव्हीखालचं दही घट्ट आणि आंबट, स्वयंपाकघरातलं अजून पातळ. मामांनी लगेच फळ्यावर लिहिलं की चर्चेनं दूध लवकर नासतं. मामी बाहेर आल्या, वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘टीव्हीखालचा डबा गरम असतो, त्याच्यावर भांडं ठिवलं व्हतं तुम्ही.’’ मामांनी खाली भर घातली, ‘मामींचे म्हणणे बरोबर आहे. चर्चा निर्दोष.’

मोबाईलमधल्या बाईशी ते अदबीनं बोलत. ताई, उद्या पाऊस येईन का, असं विचारत. एकदा ती म्हणाली, उद्या पावसाची शक्यता चाळीस टक्के आहे. मामांनी फोन खाली ठेवला आणि आकडेमोड केली. आमच्या गल्लीत घरं सव्वीस. म्हणजे दहा घरांवर पडेल आणि सोळांवर नाही. त्यांनी पुन्हा फोन उचलला आणि विचारलं, ताई, दहा घरं कोनती तेवढं सांगा, त्यांनी पापड वाळू घातलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी शिंतोडे आले, तर हा माणूस छत्री न घेता घरोघर विचारत फिरला, तुमच्याकडं पडला का?

शेवटच्या आजारात जालन्याच्या दवाखान्यात त्यांच्या बोटाला ते प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं होतं. त्यांनी नर्सबाईंना दुसरं यंत्र मागितलं. दुसऱ्या हाताला लावायला. त्या माउलीनं आणून दिलं. दोन्हींचे आकडे वेगवेगळे आले तेव्हा ते इतके खूश झाले की मामींना वाटलं, आता घरी सोडतात.

घुबडाची गोष्ट या सगळ्याच्या मधली, मी तिथं राहायला लागून चौथ्या वर्षीची.

शेठजींचं धान्याचं दुकान आणि मागचं गोदाम मामांच्या घरासमोरच होतं. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर. शेठजी आमच्यासारखंच मराठी बोलत, फक्त चिडले की हिंदीत जात. रोज सकाळी शटर उघडण्याआधी ते मामांना विचारत, ‘‘मामा, आज काय खोटं लिहिलं?’’ मामा म्हणत, तुमच्या गव्हात जेवढे खडे आहेत त्याहून कमी. यानं दोघांचाही दिवस सुरू होत असे.

शेठजींचा खरा त्रास उंदरांचा होता. धर्मामुळे ते विष ठेवत नसत, चिकट पुठ्ठाही लावत नसत. पिंजऱ्यात उंदीर धरायचा आणि नोकराकरवी रेल्वे रुळांच्या पलीकडे सोडून द्यायचा, ही त्यांची रीत. मामांचं म्हणणं, तो तुमच्या नोकराच्या आधी परत येतो. शेठजी मानेनात. तेव्हा मामांनी एका उंदराच्या शेपटीला मामींची लाल नेलपॉलिश लावून दिली. तिसऱ्या दिवशी लाल शेपटी ज्वारीच्या पोत्यावर बसलेली दिसली. शेठजी हिंदीत गेले.

त्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात हमालांच्या मुकादमानं गोदाम उघडलं आणि तसाच उलटा बाहेर आला. वर झरोक्याजवळच्या माळ्यावर, जुन्या बारदानाच्या ढिगात, पांढऱ्या तोंडाचं एक घुबड बसलं होतं आणि त्याच्याभोवती चार पिल्लं माणसासारखी घोरत होती. मुकादमानं जाहीर केलं की घुबड आहे तोवर एकही हमाल आत पाय टाकणार नाही. घुबड घरात आलं की घर बसतं. त्याला दगड मारायचीही सोय नाही, कारण ते तो दगड घेऊन जातं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो.

मामांना हे ऐकून झालेला आनंद मी विसरणार नाही. त्यांनी एक दगड आणला, सोनाराकडे नेऊन वजन केला, घुबडाला न मारता नुसताच माळ्याखाली ठेवला आणि दर सोमवारी सोनाराकडे नेऊ लागले. शेजारी दुसरा दगड मामींच्या चुलीजवळ ठेवला. तुलनेसाठी. सोनार चांगला माणूस होता, दोन्ही दगड नोंदवून घ्यायचा.

शेठजी पेचात पडले. दसऱ्यानंतर सोयाबीन येणार, तेव्हा हमाल आत गेलेच पाहिजेत. तोवर गोदामात फारसं काम नव्हतं. पिल्लांना हात लावायचा नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मामांनी माझ्याकडून कॉलेजातलं पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक मागवून हिशेब काढला की दसऱ्यापर्यंत पिल्लं उडतील. मग शेठजी म्हणाले, ठीक आहे, दसऱ्याला पिल्लं गेली की झरोक्याला जाळी मारतो. पुन्हा घुबड नको.

मामा म्हणाले, कशाला? ती तुमचे उंदीर खाते. तिनं ओकलेल्या हाडकांच्या गोळ्या त्यांनी कोमट पाण्यात भिजवून, सोडवून, आतली उंदरांची चिमुकली डोकी वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून शेठजींच्या गल्ल्यापुढे आणली. त्या वेळी दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. नंतर नव्हती.

‘‘मामा, तिनं खाल्लेल्या उंदराचं पाप कुणाला?’’ शेठजींनी विचारलं. ते थट्टेनं विचारत नव्हते.

‘‘तुम्ही तिला बोलवलं न्हाई.’’

‘‘हाकललं बी न्हाई.’’

 दोन दिवसांनी मामांनी बाजू बदलली. घुबडानं वाईट होतं हे आधी सिद्ध करा, असं ते म्हणाले. मुकादम तिथंच बसला होता. त्यानं तंबाखू चोळत म्हटलं, ‘‘मामा, गोदाम शेठजीचं, जीव आमचा. तुमचं काय जातंय? तुम्ही काय लावता?’’

मामांनी समोरच्या आपल्या फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘खडू लावतो.’’

फाटकात उभ्या असलेल्या मामी एकदम आत निघून गेल्या.

पैज अशी ठरली. आमच्या शेजारी पाण्याच्या टाकीची गल्ली होती. तिथं घुबड नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांत जे जे वाईट घडेल ते मोजायचं. आमच्याकडे जास्त निघालं तर झरोक्याला जाळी, आणि मामांनी पुन्हा आयुष्यात फळ्यावर लिहायचं नाही. जास्त निघालं नाही तर झरोका कायमचा उघडा, आणि शेठजींनी रोज सकाळी शटर उघडण्याआधी फळा मोठ्यानं वाचायचा. हे शेवटचं कलम शेठजींना फार लागलं होतं.

मोजणीसाठी आमची सव्वीस घरं आणि त्यांची पंचवीस. एक कमी पडत होतं म्हणून मामांनी टाकीच्या गल्लीतलं सलून घर म्हणून धरलं, कारण सलूनवाला जेवतोही तिथंच आणि भांडतोही तिथंच. मग वाईटाची व्याख्या केली. फुटलं, सांडलं, जळलं, हरवलं, पडलं किंवा कुणाला रडू आलं, तर नोंद. टीव्ही पाहून आलेलं रडू धरायचं नाही. नोंदवही माझ्याकडे आली. बायका मॅडमशी मोकळं बोलतात, असं मामांचं म्हणणं.

आमच्या गल्लीचं मोकळं बोलणं मला झेपेना. झालं असं, की मामा रोजच्या नोंदी फळ्याच्या उजव्या बाजूला लिहायला लागले, कुणाच्या घरी काय झालं, नावानिशी. आपलं नाव फळ्यावर यावं म्हणून लोक सकाळपासून जिन्यात उभे राहत. कुणाचा मोटारसायकलचा आरसा फुटला, कुणाचं कुकरचं झाकण सांडशीसकट मोरीत गेलं. एकानं पोरगा गणितात नापास झाल्याची नोंद आणली. मामांनी विचारलं, घुबड येण्याआधी पास होत होता का? नव्हता. नोंद नाकारली. एका बाईनं आपल्या नवऱ्यालाच लिहून घ्या म्हटलं. मामांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, लग्नापासून. तेव्हा घुबड न्हवतं, असं सांगून मामांनी तिची समजूत काढली. कोपऱ्यावरच्या एका काकूंचे तीन दिवसांत तीन कप फुटले. मामींना खात्री होती की ते कान तुटलेले जुने कप होते आणि काकूंना नाव पाहिजे होतं.

आठ दिवसांत एक नवीच अडचण निघाली. दूध उतू गेलं, पोळी करपली, रेल्वे चुकली, पाय गटारात गेला, या सगळ्यांत माणूस मोबाईल पाहत होता. मग दोष घुबडाचा की मोबाईलचा? मामांनी वहीत वेगळा रकाना आखायला लावला. तो रकाना सगळ्यात आधी भरला. मुकादम म्हणाला, मंग मोबाईललाच जाळी लावा. ते वाक्य मामांनी त्याच्या नावासह फळ्यावर लिहिलं, आणि त्या दिवशी मुकादम चार वेळा रस्त्यावरून उगीच गेला.

टाकीच्या गल्लीत मात्र फारसं काही घडत नव्हतं. मी एक दिवसाआड जायची. चहा मिळायचा, पोहे मिळायचे. काय काय झालं म्हटलं की बहुतेक घरांतून उत्तर यायचं, आमच्या गल्लीत काई होत न्हाई. एक आजी होत्या, त्यांनी प्रत्येक वेळी मला एका हातानं चहा दिला. दुसरा हात पदरात. मला वाटलं, त्यांची रीत असेल. वहीचं ते पान बरंचसं रिकामं राहायला लागलं तशी मी मामांना म्हटलं, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, चुकतंय असं वाटणं ही काही नोंद नव्हे.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बेरीज केली. आमच्या गल्लीचं दुपटीहून जास्त निघालं. मामांनी ती दोनदा तपासली. दोन्ही दगडांचं वजन गुंजभरही कमी झालेलं नव्हतं, पण पैज दगडांवर नव्हती. मी हळूच सुचवलं, मोबाईलचा रकाना वगळला तर दोन्ही गल्ल्या बऱ्याच जवळ येतात.

‘‘मोबाईल त्यांच्याकडं बी हाये, मॅडम,’’ मामा म्हणाले आणि वही मिटली.

दसऱ्याचा दिवस म्हणजे मामांच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात जायचं म्हणून ते पांढरा झब्बा, पांढरा पायजमा घालून बाहेर आले. आधी फळ्यापाशी गेले. नवा खडू घेतला. ‘आपल्या गल्लीत वाईट जास्त घडले. घुबडामुळे घडले असे सिद्ध झालेले नाही. तरी पैज मी हरलो आहे.’ खाली रेघ मारली, उरलेला खडू मामींच्या हातात दिला आणि विहाराकडे चालू लागले. लोक फळा वाचत उभे होते, कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मुकादम मला म्हणाला, ‘‘मॅडम, मी आपलं बोलण्यात बोल्लो व्हतो.’’

दुपारी मामा परत आले तेव्हा शेठजी गोदामाशी जाळीची गुंडाळी आणि शिडी घेऊन उभे होते. तेवढ्यात टाकीच्या गल्लीकडून बायकांचा घोळकाच आला. पुढे त्या आजी. त्यांनी पदरातून दुसरा हात काढला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. पैज लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीत पडल्या होत्या. आमची गल्ली अपशकुनी हाये असं फळ्यावर येईन, पोरींचे सोयरे तुटतीन, म्हणून कुणी काई सांगितलं न्हाई, असं त्या म्हणाल्या. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. एकीचा फ्रीज जळला होता. एकीच्या शेळीनं नव्या सुनेचा शालू खाल्ला होता. सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाची अर्धी मिशी चुकून उडवली होती आणि ते गिऱ्हाईक पंधरा दिवस तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. ते रुमालासकट तिथं हजर होतं. दोन्ही गल्ल्यांना हसू आवरेना. मी वही उघडून लिहायला बसले. नुसत्या ऐकीव नोंदींनीच टाकीच्या गल्लीनं आम्हाला मागे टाकलं.

मामा म्हणाले, ‘‘मुदत काल संध्याकाळी संपली.’’

हसणं थांबलं. शेठजी म्हणाले, मी हरकत घेत नाही. मुकादम म्हणाला, मी बी न्हाई. मामांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा मामी पुढे आल्या. सहा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेवढाच ऐकला.

‘‘तीस वर्सं दुसऱ्यानं लिहिलेले फळे पुसले तुम्ही. म्हातारपनी सोताचा एक आला. तो बी देऊन टाकता? कुनासाठी?’’

 मामा हळू म्हणाले, ‘‘नेम आपल्या इरुद्ध जातो तवाच पाळायचा असतो. फायद्याचा असंन तवा कुनी बी पाळतं.’’

 राहिली जाळी. मुकादम शिडी चढेना. शेठजींचं वजन शिडीला पेलण्यासारखं नव्हतं. मामा म्हणाले, मीच लावतो. पांढऱ्या कपड्यांतच ते वर गेले. पिल्लं दोन दिवसांपूर्वी उडून गेलेली सगळ्यांनी पाहिली होती, म्हणजे माळा रिकामा असणार. मामा वर पोचले आणि थांबले. फार वेळ थांबले. खालून शेठजींनी दोनदा हाक मारली. मुकादमानं न सांगता शिडी दोन्ही हातांनी धरली.

उतरले तेव्हा झब्ब्यावर जळमटं होती आणि चेहऱ्यावर असा उजेड, की पैज हरलेला माणूस हाच का, असं वाटावं.

‘‘परत बसलीय,’’ ते म्हणाले. ‘‘पाच अंडे. मॅडम, तुमच्या पुस्तकात सालातून एकदाच लिहिलंय. पुस्तक चुकलं.’’

शेठजी जाळीची गुंडाळी हातात घेऊन उभे राहिले. मग ती त्यांनी खाली ठेवली. ‘‘अंड्यावर जाळी मारायचं पाप मी घेणार न्हाई. हे उडू द्या, मंग पाहू.’’ सोयाबीनचं काय, म्हटलं तर मुकादमाकडे पाहून ते म्हणाले, मामा इतका वेळ वर राहून धडधाकट खाली आले, तू तर खालीच राहणार.  दुसऱ्या दिवशी पहिलं पोतं मुकादमानंच पाठीवर घेऊन आत नेलं. ‘मंग पाहू’ची वेळ आजवर आलेली नाही. माळ्यावर कधी अंडी असतात, कधी पिल्लं.

पण खडूचं मामांनी ऐकलं नाही. म्हणाले, जाळीचं शेठजींचं, ते त्यांनी सोडलं. खडूचं माझं, ते मी हरलो. फळ्यावर ती तीन वाक्यं तशीच राहिली. पहिल्या दिवशी लोक थांबले, वाचलं, गेले. दुसऱ्या दिवशी थांबले आणि वाचण्यासारखं नवीन काही नाही म्हणून एकमेकांशी बोलायला लागले, आणि त्यातून एक भांडण झालं. मामा ओट्यावर बसून होते. समोरून म्हैस गेली, तिच्या पाठीवर बगळा होता. मामांचा उजवा हात मांडीवर लिहिल्यासारखा हलला. मामी आत निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेठजी शटर न उघडता सरळ फळ्याकडे आले. मामींकडून खडू मागून घेतला. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि मामांकडे तोंड केलं.

‘‘तुम्ही लिहायचं सोडलं. सांगायचं सोडलं का?’’

 मी जिन्यात होते, मुकादम फाटकाशी, दुधाला निघालेली चार-पाच माणसं किटल्या धरून उभी. ही पळवाट आहे की नाही, हे मामा मनात दोन्ही बाजूंनी लावून पाहत होते. ती पळवाट ठरली तर आमचा फळा कायमचा गेला, हे सगळ्यांना कळत होतं.

‘‘तुमचं अक्षर कसंय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दुकानावरची पाटी पेंटरनं केली. माझं लिहिलेलं मला बी वाचता येत न्हाई.’’

‘‘मंग चालंन,’’ मामा म्हणाले. ‘‘शिक्षा ऱ्हाती तेवढी.’’

शेठजींनी खडू फळ्याला टेकवला. मामांनी घसा साफ केला आणि शुद्ध, शाळेतल्या भाषेत सांगायला लागले. घुबडाची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी निमुळती नसतात. जवळजवळ चेंडूसारखी गोल असतात. शेठजींच्या हाताखाली अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली खाली जात होती. याचे कारण, मामा म्हणाले आणि थांबले. शेठजी थांबले. किटलीवाले थांबले.

‘‘याचे कारण मला माहीत नाही.’’

शेठजींनी मागे वळून पाहिलं. ‘‘हे बी लिहू?’’

‘‘तेच लिहा,’’ मामा म्हणाले. ‘‘जरा मोठ्या अक्षरात.’’